घाबरट कुत्रं घरी आणताय? आधी घरची माणसं आवरा

वडी, आमची कुत्री, घरी आली त्या संध्याकाळी तिला बघायला सात माणसं बसली होती. समोरच्या काकू, त्यांची नात, माझा भाचा, त्याचा मित्र आणि घरचे आम्ही तिघं. कुणी मोबाइल काढला, कुणी "ये ये ये" करत चुटक्या वाजवल्या. ती गाडीतून उतरेचना, उचलून आणावी लागली. आत येताच शिलाई मशीनखाली शिरली आणि पुढचे अकरा दिवस, रात्रीचं खाणं आणि शू सोडली तर, तिथून हलली नाही. पाठ भिंतीला, नाक शेपटीखाली, अंगाची घट्ट गुंडाळी. सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे त सांबारवडी होऊन बसली." नाव तिथूनच पडलं. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

त्या संध्याकाळचा दोष कुत्र्याचा नव्हता, आमचा होता. गेल्या तीन वर्षांत ओळखीच्या चार-पाच घरांत अशी घाबरट कुत्री आली, तेव्हा मी हेच सांगत राहिले: कुत्र्याला शिकवायचं नंतर बघू, आधी घरातल्या आणि शेजारच्या माणसांना शिकवा.

हे कुत्रं नेमकं कशाला घाबरतं

कोपऱ्यात थरथरणारं कुत्रं दिसलं की लोक ठरवूनच टाकतात, "बिचाऱ्याला कुणीतरी खूप मारलं असणार." कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा कुणी मारलेलं नसतं, कुणी भेटलेलंच नसतं. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात जे जे दिसतं, ऐकू येतं, अंगाला लागतं, ते त्याच्या डोक्यात "जगात असं असतं" या खात्यात जमा होतं. माणसाचा हात, कुकरची शिट्टी, फरशी, जिना, पंखा. हा काळ एखाद्या बंद गोडाऊनमध्ये, अर्धवट बांधकामात किंवा गजबजलेल्या शेल्टरच्या पिंजऱ्यात गेला, तर पुढे यातली प्रत्येक गोष्ट त्याला नवी, म्हणून धोक्याची वाटते. आई भित्री असेल तर भर पडते, स्वभावाचा काही भाग रक्तातूनच येतो.

हा फरक कळला की वागणं बदलतं. मार खाल्लेल्याची कीव करून आपण त्याला कवटाळायला जातो. या कुत्र्याला कवटाळणं हाच धोका वाटतो. त्याला हवी असते सवय, तीही त्याच्या चालीने.

आणण्याआधी

अडॉप्शनच्या पोस्टमध्ये "थोडी लाजाळू आहे, पण खूप गोड" असं लिहिलेलं असतं. या "थोडी"मध्ये फार काही दडलेलं असतं. रेस्क्यू करणाऱ्यांवर माझा राग नाही. एकेका घरात दहा-बारा जनावरं सांभाळणारी माणसं आहेत ती, कुत्र्याला घर मिळावं म्हणून चार शब्द गोड लिहितात. पण तुम्ही विचारा. हातातून खाते का? पट्टा बांधू देते का, की दोघांनी धरावं लागतं? पक्क्या घरात कधी राहिली आहे का? कशाला दचकते: पुरुषांना, झाडूला, हेल्मेटला? आधी कधी पळाली होती का, आणि पळाली तर कशी सापडली? कधी दात लावले आहेत का? लसीचं कार्ड आणि नसबंदीचा कागद मागा. कानाला व्ही आकाराचा छेद असेल तर नसबंदी झालेली असण्याची शक्यता मोठी.

निदान तीनदा भेटायला जा. गेलात की तिच्याकडे कूस करून खाली बसा, फोस्टरशी, म्हणजे तिला तात्पुरतं सांभाळणाऱ्या माणसाशी, गप्पा मारा, तिच्याकडे बघू नका. पहिल्या भेटीत ती कोपऱ्यातून हलली नाही तर निराश होऊ नका. तिसऱ्या भेटीपर्यंत तिने मान उचलून हवेत वास घेतला, तुम्ही टाकलेला तुकडा तुम्ही गेल्यावर का होईना खाल्ला, तर काम करण्याजोगं आहे. तिन्ही भेटींत दगड होऊन बसली असेल, तर हे तुमचं पहिलंच कुत्रं असू नये असं मला वाटतं.

एक गोष्ट लोकांना आवडत नाही, तरी लिहिते. गल्लीत जन्मलेलं, तिथेच चार घरचं खाऊन सुखात असलेलं मोठं कुत्रं दया आली म्हणून उचलून फ्लॅटमध्ये आणू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचंच असेल तर आधी त्यांना दत्तक घ्या, अशा आशयाचा आदेश दिला होता आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या दिवसांत आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, फार चर्चा झाली. मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं, खाऊ घालणं वेगळं आणि दत्तक घेणं वेगळं. त्या कुत्र्याचं घर ती गल्ली असते. घर त्याला लागतं ज्याची गल्ली तुटली आहे: जखमी, टाकून दिलेलं, आईविना राहिलेलं, शेल्टरमध्ये कुढणारं.

तुमच्याकडे आधीचं एक शांत, माणसाळलेलं कुत्रं असेल तर अर्धी लढाई जिंकलात. घाबरट कुत्रं माणसावर विश्वास ठेवण्याआधी दुसऱ्या कुत्र्यावर ठेवतं आणि त्याचं बघून शिकतं. घरात पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील, किंवा खाली दुकान आणि दिवसभर ये-जा असेल, तर मात्र दुसरं कुत्रं बघा.

आणायचा दिवस पंचांग बघून ठरवा, अगदी खरं सांगते. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात नको, ४५ अंशांत ताण आणि ऊन दोन्ही एका जिवाला झेपत नाही. दिवाळीचा आठवडा नको. महाल-इतवारीकडे राहत असाल तर पोळ्याचा आठवडा नको, दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीचा दणका माणसांनाच सोसत नाही. संक्रांतीला गच्च्यागच्च्यांवर डीजे आणि पतंगांचं "ओ काट" चालू असतं, तेही टाळा. पावसाळा सरून दिवाळी लांब असेल तेव्हा, किंवा संक्रांतीनंतरचे दिवस उत्तम. घरातलं कुणीतरी निदान पाच दिवस सुट्टीवर असावं.

घराची तयारी

तिची जागा आधी ठरवा. दोन बाजूंना भिंत, समोरून माणसांची ये-जा नाही, पण दार दिसतं अशी. गॅलरी नको, जिन्याखालची बाहेरची जागा तर नकोच. टेबलावर जुनी चादर सोडली की गुहा तयार होते. आम्ही छान उशी घालून कोपरा सजवला होता, तिने शिलाई मशीन निवडलं. मग आम्ही उशी तिकडे सरकवली, तिला इकडे ओढलं नाही. शिलाई महिनाभर बंद.

फरशीचं कुणाला सुचत नाही. मातीत वाढलेल्या कुत्र्याला गुळगुळीत टाइल्स म्हणजे बर्फ. पाय घसरला की ते त्याच जागी थिजतं आणि आपण म्हणतो बाहेर येत नाही. कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत दरी, सतरंजी, जुनी पायपुसणी अंथरा, पायवाट करा. आमची वडी पहिले दोन महिने सतरंजीच्या काठावर येऊन थांबायची, पुढे फरशी आहे म्हणून.

मग कूलर. नागपुरात डेझर्ट कूलरशिवाय उन्हाळा नाही, आणि तो सुरू होतानाची घरघर घाबरट कुत्र्याला भूकंपासारखी. पहिले काही दिवस बाजूच्या खोलीतला कूलर लावा, दार अर्धं लोटून. आधी फक्त पाण्याचा पंप, मग पंखा सर्वांत कमी वेगावर, त्याच वेळी खाणं. पंधरा दिवसांत सवय होते, आणि पुढे हाच आवाज उपयोगी पडतो. बाहेर फटाके वाजत असले की मोठ्या कूलरच्या घरघरीइतकी चांगली भिंत नाही.

दारं मात्र कडक. रस्ता आणि कुत्रं यांच्यामध्ये कायम दोन बंद दारं हवीत, एक उघडलं तर दुसरं लागलेलं. गच्चीचा कठडा बघा, गेटच्या खालची फट बघा. घाबरलेलं गावठी कुत्रं चार फूट सहज उडी मारतं, त्यामुळे तीन फुटी प्लायच्या फळीच्या भरवशावर राहू नका.

पट्ट्याबद्दल. गावठी कुत्र्यांची मान आणि डोकं जवळजवळ सारख्याच जाडीचं असतं, म्हणून साधा पट्टा मागे रेटा दिला की कानांवरून सुटतो. ओढ लागली की आपोआप आवळणारा, पण गळफास न बसणारा मार्टिंगेल पट्टा घ्या, आणि त्याशिवाय हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा. हार्नेस शक्यतो बरगड्यांच्या मागूनही एक पट्टी जाणारा, कारण दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधून ही सडपातळ कुत्री उलटं सरकून बाहेर पडतात. दोन दोऱ्या: एक पट्ट्याला, एक हार्नेसला. निदान सहा महिने दोन्ही. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून, जमलं तर कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप.

आणायचा दिवस

ऑटोतून आणू नका, दोन्ही बाजू उघड्या असतात. कारमध्ये क्रेट (जाळीचा पिंजरा), नाहीतर मागच्या सीटखालची जागा आणि शेजारी एक माणूस. निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा. दोन्ही दोऱ्या फोस्टरच्या घरातच बांधून घ्या, त्यांना बांधायला सांगा, तुमचा पहिला स्पर्श पट्टा आवळण्याचा नको. तिथली एक मळकी चादर मागून घ्या आणि धुऊ नका.

घरी पोहोचल्यावर आधी गेट बंद, मग गाडीचं दार. सरळ तिच्या कोपऱ्याकडे. पाहुणे नकोत, शेजारी नकोत, व्हिडिओ कॉल नको. कुणाला ओवाळायचंच असेल तर त्यांनी मोबाइलमधल्या फोटोला ओवाळावं.

पहिले काही दिवस: काहीच न करण्याचं काम

बघायचं नाही, बोलवायचं नाही, हात लावायचा नाही. एवढंच, आणि हेच सर्वांत अवघड. आमच्या घरी मी फ्रिजवर कागद लावला होता: "मशीनकडे वाकून बघू नये." भाच्याने त्याखाली लिहिलं, "दंड १० रुपये." पहिल्या आठवड्यात सत्तर रुपये जमले, त्यातले चाळीस माझे.

खाणं-पाणी ठरलेल्या वेळी ठेवा आणि निघून जा. पहिला दिवस काही खाल्लं नाही तर घाबरू नका. दोन दिवस उलटले, किंवा पाणीच पीत नाही, तर डॉक्टरला फोन करा. पिल्लू असेल तर इतकं थांबू नका. पहिले दिवस फोस्टर देत होते तेच अन्न द्या. पोळी-दूध, भात-चिकन, काहीही असो, तेच. बदल नंतर.

शू-शीचा प्रश्न येतोच. मातीवर जाणारं कुत्रं टाइल्सवर जात नाही, तासन्‌तास धरून ठेवतं. आम्ही घमेल्यात माती आणि वर थोडी हरळी घालून ते मागच्या दाराच्या आतल्या बाजूला ठेवलं. तिसऱ्या रात्री तीन वाजता घमेल्यात पावलांचा आवाज आला, आणि मी नवऱ्याला हलवून उठवलं, जणू घरात नोकरीचं पत्र आलंय. घरात भलतीकडे केली तर गुपचूप पुसा. फिनाइलचा वास कुत्र्याला त्रास देतो आणि ते त्याच्या पोटात गेलं तर घातकही आहे, म्हणून सौम्य साबण आणि व्हिनेगरचं पाणी.

रेस्क्यूवाले तीन-तीन-तीन म्हणतात: तीन दिवस भेदरलेले, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. साध्या कुत्र्याला हे बऱ्यापैकी लागू पडतं. घाबरट कुत्र्यासाठी मनातल्या मनात तिप्पट करा आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघणं सोडा.

अंग काय सांगतं ते वाचा

ती जांभई देते म्हणजे झोप आली असं आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं. ताणातही कुत्रं जांभई देतं. समोर खाणं नसताना नाक चाटणं, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कान मागे चिकटणं, एक पुढचा पाय उचलून थबकणं, गारवा असतानाही धापा टाकणं: हे सगळं "जरा लांब व्हा" असं सांगणं आहे. शेपटी पोटाखाली गेलेली तर कुणालाही कळते, पण ती पुढची पायरी झाली. एखादा प्रसंग सरल्यावर अंग कोरडं असून ओलं असल्यासारखं झटकलं, तर ते चांगलं लक्षण, ताण उतरतोय.

सगळ्यांत फसवं म्हणजे थिजणं. "बघा, किती शांत आहे, हात लावू देते." ती देत नसते, तिला पळायला जागा उरलेली नसते. अशा "शांत" कुत्र्याने एके दिवशी दात लावले की लोक म्हणतात, अचानक चावली. अचानक काही नसतं. आणि गुरगुरली तर रागावू नका. गुरगुर म्हणजे घंटी आहे. घंटी बंद केली तर पुढच्या वेळी थेट दात.

जवळ येऊ द्यायची रीत

उकडलेली कोंबडीची कलेजी, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. पनीरही चालतं. सावजीच्या रश्श्यातला तुकडा नाही, कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी आहेत. मनुका, द्राक्षं, चॉकलेटसुद्धा. कलेजी रोज मूठभर देऊ नका, चिमूटभर पुरते.

आता तुकडा तुमच्या दिशेने टाकून तिला जवळ ओढू नका. सगळे हेच करतात. भूक पुढे ओढते, भीती मागे, आणि तुकडा संपल्यावर ती एकदम तुमच्या पुढ्यात सापडते आणि हादरते. उलट करा. एक तुकडा तिच्या जवळ टाका, आणि पुढचा तिच्या मागे. ती वळून मागे जाईल, खाईल, लांब गेल्याने सैल होईल. मग स्वतःहून एक पाऊल जास्त पुढे येईल. परत मागे टाका. पाच-सहा वेळा, दोन मिनिटं, झालं. तिला अजून हवं असतानाच थांबा.

बाकी वेळ नुसते त्याच खोलीत असा. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि पेपर हळू आवाजात वाचायचे, निधनवार्तांपासून बाजारभावांपर्यंत सगळं. तिला एका सुरातल्या आवाजाची सवय झाली आणि मला संत्र्यांचे भाव तोंडपाठ.

तरी ती पहिल्यांदा गेली कुणाकडे, तर सासूबाईंकडे. ज्यांना कुत्रं मुळात नको होतं. त्या कधी तिच्याकडे बघत नसत, तिला बोलवत नसत, दुपारी खाली बसून आपलं भाजी निवडत असत. तेराव्या दिवशी त्या वाटाणे सोलत होत्या. एक दाणा घरंगळत मशीनखाली गेला. जरा वेळाने काळं नाक बाहेर आलं. सासूबाईंनी मान वर न करता अजून एक दाणा बोटाने ढकलला. मग अजून एक. मी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी. पाव किलो वाटाण्यांतले निम्मे तिकडे गेले आणि भाजीत बटाटे वाढवावे लागले. मी पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून जे करायला धडपडत होते, ते त्यांनी दुर्लक्षाने केलं.

स्पर्शाची वेळ ती ठरवेल. अंगाला अंग लावून उभी राहिली की छातीला किंवा मानेच्या बाजूला खालून हात लावा, डोक्यावरून नाही. तीन सेकंद खाजवा आणि हात मागे घ्या. परत जवळ आली तर परत. दुसरीकडे बघू लागली, तर आजचं झालं. पाहुण्यांनाही हाच नियम, आणि जो पाळणार नाही त्याला चहा बाहेरच्या खोलीत.

पळाली तर

सतराव्या दिवशी गॅस सिलिंडर आला. गेट उघडं, मधलं दार उघडं, आणि मी पैसे आणायला आत. एव्हाना ती सतरंज्यांवरून घरभर हिंडू लागली होती म्हणून आम्ही ढिले पडलो होतो. पिवळसर काहीतरी पायांमधून गेलं एवढंच दिसलं.

आम्ही मागे धावलो, नावाने ओरडलो. लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटांमधून ती नाल्याच्या दिशेने गेली आणि आमचा आवाज जितका वाढला तितकी लांब गेली. दोन दिवस, दोन रात्री. भीतीने पळालेलं कुत्रं ओळखीच्या माणसालाही ओळखत नाही, हाक मारणं म्हणजे त्याच्यासाठी पाठलाग. हे मला फोस्टरने फोनवर सांगितलं, आणि मग आम्ही शोधपथक बंद केलं.

चहाटपरीवाल्याला, दोन चौकीदारांना, दूधवाल्याला फोटो दिला आणि हात जोडून सांगितलं: पकडू नका, दिसली तर फक्त फोन करा. गेटबाहेर तिची मळकी चादर आणि माझी वापरलेली ओढणी टाकली. रात्री अकरानंतर अंगणात गरम चिकन सूप, दोन्ही रात्री त्याच वेळी, त्याच भांड्यात. गेट सताड उघडं, त्याला लांब दोरी बांधलेली, आणि दोरीचं टोक घेऊन मी अंधारात पार्क केलेल्या गाडीत. पहिल्या रात्री कुणीच नाही. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास चादरीशी थांबली, हुंगली, आत गेली. तिचं तोंड भांड्यात जाईपर्यंत थांबले आणि मग दोरी ओढली. हात असे कापत होते की गेट दोनदा अडकलं.

उघड्या जागेत समोरासमोर आलात तर थांबा, कूस करून खाली बसा, नजर जमिनीवर, तुकडे बाजूला टाकत राहा.

बाहेरचं जग

फिरायला नेणं हे पहिल्या महिन्याचं काम नाही. घर, मग अंगण, मग गेटच्या आत उभं राहून रस्ता बघणं. हार्नेस आधी नुसता जमिनीवर ठेवून त्यावर खाणं, मग त्याच्या फटीतून तोंड घालून खाणं, मग एक क्लिप. आम्हाला तीन आठवडे लागले. कुणी एका दिवसात अंगावर चढवतं, आणि मग हार्नेस दिसला की कुत्रं लपतं.

बाहेर पडलात की पहाटे साडेपाचला, गल्ली झोपलेली असताना. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर हाताचा मागचा भाग रस्त्यावर टेकवून बघा, सात सेकंद सोसत नसेल तर तिच्या तळव्यांनाही सोसणार नाही. गल्लीतल्या कुत्र्यांच्या हद्दीतून रेटून नेऊ नका. वेळ लागला तरी गाडीने एखाद्या शांत, मोकळ्या जागी जा. ज्या अंतरावर ती एखादी गोष्ट बघूनही तुकडा खाऊ शकते ते तिचं आजचं अंतर, तिथूनच बघायचं, खायचं, परतायचं. तुकडा नाकारला म्हणजे फार जवळ आलात.

"सीताबर्डीच्या गर्दीत दोनदा फिरवा, भीती आपोआप निघून जाईल," असा सल्ला देणारे काका प्रत्येक लेआउटमध्ये असतात. निघून जात नाही. कुत्रं आतून बंद होतं, आणि बाहेरून ते सुधारल्यासारखं दिसतं.

डॉक्टर आणि औषधं

नुसती भीती आहे की आजार, हे आधी तपासा. आपल्याकडे गोचिडांचा ताप फार. मलूल, खात नाही, कोपरा सोडत नाही, हिरड्या पांढुरक्या, कधी नाकातून रक्त. घाबरट कुत्र्याचं हे सगळं "स्वभाव" म्हणून खपून जातं. फोस्टरकडे रक्ततपासणीचा ताजा कागद नसेल तर पहिल्याच आठवड्यात प्लेटलेट्ससह तपासणी करा, जमलं तर डॉक्टरांना घरी बोलावून. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, त्यामुळे हात लावून ताप ठरवू नका आणि आपली पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका.

खासगी डॉक्टर नसेल तर सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज आहेच. सकाळी तिथे जनावरांची गर्दी असते. घाबरट कुत्र्याला गाडीतच बसवून आधी एकट्याने जाऊन नंबर लावा. तोंडाला बांधायच्या जाळीदार मझलची सवय घरी दह्याने करा: आतून दही लावायचं, तिने स्वतः तोंड घालून चाटायचं. रेबीजची लस चुकवू नका. दात लागलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कुत्र्याला लस दिली आहे म्हणून थांबू नका.

दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही, खाणं फक्त रात्री, दिवसभर थरथर, तर भीतीवरच्या औषधांबद्दल विचारा. लोकांना यात कमीपणा वाटतो. सतत भेदरलेला मेंदू शिकूच शकत नाही, औषध त्याला शिकण्याइतपत सैल करतं. फक्त गुंगी आणणारं औषध आणि भीती कमी करणारं औषध यातला फरक डॉक्टरांना स्पष्ट विचारा. काही गोळ्यांनी अंग ढिलं पडतं, पण भीती आत तशीच राहते. दिवाळीसाठी गोळी लागणार असेल तर आधी एखाद्या साध्या दिवशी देऊन बघा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिला प्रयोग नको.

मागे जाणं, परत देणं

तिसऱ्या महिन्यात वडी अचानक दारावर भुंकू लागली. आम्हाला वाटलं बिघडली. तिला आवाज सापडला होता, एवढंच. मग दिवाळी आली आणि ती परत मशीनखाली, आठ दिवस. असं होतं. तुम्हीही दोन पावलं मागे जा, तुकडे परत लांबून टाका.

आणि खरंच जमत नसेल तर वेळेवर सांगा. फोस्टरला फोन करा, ते चिडतील, पण दुसरं घर शोधतील. दूरच्या रस्त्यावर सोडून येणं हा मात्र नुसता वाईटपणा नाही, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. घरात वाढू लागलेलं घाबरट कुत्रं तिथे दोन दिवसही टिकणार नाही.

वडी आता चार वर्षांची आहे. अनोळखी माणसाच्या मांडीवर ती कधी बसणार नाही, आणि आम्ही तशी अपेक्षाही सोडली. दुपारी ती सासूबाईंच्या पायाशी असते, विशेषतः वाटाण्याच्या दिवसांत. सिलिंडरवाल्याची घंटा वाजली की स्वतः उठून आतल्या खोलीत जाते. मग खोलीची कडी, मग मधलं दार, मग गेट. पैसे आधीच हातात. आणि मी गेटपर्यंत पोहोचायच्या आत मागून सासूबाईंचा आवाज येतोच, "कडी लावली काय वं?"